वाचक विचारतात : पोरगं पोलिसांच्या हाती लागलं, पुढे काय?

मागच्या अंकात निरीक्षणगृहाविषयी, म्हणजे ज्याला आपण सगळे अजूनही रिमांड होम म्हणतो त्याविषयी, चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर पत्रांचा ढीग आला. काही रडकुंडीला आलेली, काही दातओठ खाऊन लिहिलेली. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, म्हणून थोडी निवडली आहेत. मी वकील नाही. महिला व बालविकास खात्यात परिविक्षा अधिकारी होते, म्हणजे तुमच्या-माझ्या भाषेत प्रोबेशन ऑफिसर. त्या नोकरीत बाल न्याय मंडळाबाहेरच्या (अठराच्या आतल्या मुलांवरचे गुन्हे चालतात ती जागा) बाकांवर जेवढी बसले तेवढी घरच्या झोपाळ्यावर बसले नसेन. कायद्याचं जे सांगते ते २०१५च्या बाल न्याय अधिनियमाचं. जानेवारी २०१६पासून तोच लागू आहे.

प्रश्न : माझा मुलगा सोळाचा. दहावीत गणित राहिलं, तेव्हापासून गॅरेजवर जातो. आठवडी बाजारात मोबाइल चोरला म्हणून पोलिसांनी त्याला आणि बरोबरच्या दोन मोठ्या पोरांना उचललं. मला रात्री शेजाऱ्यांकडून कळलं. रात्रभर चौकीत बसवून ठेवलं, मारलं, दोन कागदांवर सह्या घेतल्या. आधारवर त्याचं जन्मसाल चुकलंय, त्यावरून तो एकोणीसचा धरला. आता मोठ्यांच्या जेलात आहे. वकील म्हणतात, कबूल करून टाका, लगेच मोकळा होईल. मी चार घरची धुणीभांडी करते. काय करू?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, पत्रावर तुमचा नंबर होता म्हणून आपलं फोनवर बोलणं झालंच आहे. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखीच आणखी पत्रं आलीत, फक्त गावं वेगळी.

आधी वय. तुमचा मुलगा आज भलत्या जागी आहे तो एका आकड्यापायी. वय कशावरून ठरवायचं याचा क्रम कलम ९४मध्ये लावून दिलाय. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्डाचं त्या क्रमात नावही नाही. तेव्हा एक दिवस कामं राहू द्या, शाळेत जा, शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, सही-शिक्का नीट उठलाय का ते बघा.

दाखल्यावर १ जून असली तर घाबरू नका. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचे वाढदिवस गुरुजींनी एकाच दिवशी लावून दिलेत. नाव घालायला आलेल्या बापाला तारीख आठवायची नाही, मग गुरुजी जूनची पहिली टाकून मोकळे. हीच पहिली जून एखाद्या पोराला तारते आणि एखाद्याला चार दिवसांच्या फरकानं बुडवते, दोन्ही मी बघितलंय. पण कागद तो कागद.

तो कागद घेऊन ज्या कोर्टानं त्याला जेलात पाठवलं तिथेच अर्ज द्यायचा. गुन्ह्याच्या दिवशी मी अठराच्या आतला होतो, हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर करता येतो, निकाल लागून गेल्यावरसुद्धा. दावा आला की कोर्टाला चौकशी करावीच लागते आणि वय खरं निघालं की प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवावं लागतं. चौकशी चालू असतानाही त्याला ठेवायचंच असेल तर जेलात नाही, सुरक्षित स्थळी ठेवायचं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. वकील फुकट मिळतो. फुकटचा म्हणून त्याला कमी लेखू नका. पैसे घेऊन तारखेला न येणारेही मला पुष्कळ माहीत आहेत.

आता त्या रात्रीचं. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, आईबापांना लगेच कळवायचं, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळापुढे उभं करायचं, आणि कुठल्याही जबाबावर त्याची सही मागायची नाही. हे सगळं लिहिलेलं आहे. बहुतेक चौक्यांच्या भिंतीवर त्याचा फलकही लावलेला असतो, त्याच्याखालच्या बाकावर पोरगं रात्र काढतं. मारलं असेल तर मंडळापुढे पहिल्याच दिवशी सांगायचं आणि वैद्यकीय तपासणी मागायची. आठ दिवसांनी वळ राहत नाहीत.

मंडळाला भिऊ नका. तीन माणसं असतात, एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई. नियमानं तिथे उंच ओटा नसतो, पिंजरा नसतो, पोलीस साध्या कपड्यांत यायला हवेत. एक करा, मुलाला विचारलं की मुलालाच बोलू द्या. आया काय करतात, साहेबांनी पोराला ‘जेवलास का’ विचारलं तरी स्वतःच हात जोडून रडायला लागतात. पोरगं मान खाली घालतं ते शेवटपर्यंत वर करत नाही, आणि समोरच्यांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय.

जामीन. मोठ्यांच्या कोर्टात जामीनपात्र-अजामीनपात्र बघतात तसं इथे नाही. कलम १२ म्हणतं, गुन्हा कुठलाही असो, मुलाला सोडायचं. अडवायचं फक्त तेव्हा, जेव्हा सुटल्यावर तो सराइतांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका होईल किंवा न्यायाचाच हेतू बुडेल असं मानायला सबळ कारण असतं. आणि जामीनदार असलाच पाहिजे असंही नाही. खरी ग्यानबाची मेख इथे आहे. जामीन मंजूर होतो, जामीनदार मिळत नाही, आणि पोरगं निरीक्षणगृहात कॅरम खेळत महिना काढतं. सात दिवसांत अटी पुऱ्या करता आल्या नाहीत तर मुलाला परत मंडळापुढे आणून अटी बदलायच्या, असं त्याच कलमात आहे. ही ओळ तुमच्या वकिलांना दाखवा. सातबारा नसलेल्या, पगाराची पावती नसलेल्या घरांसाठी यापेक्षा मोठी ओळ या कायद्यात नाही.

मग माझ्यासारखी कुणीतरी तुमच्या घरी येईल. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. आमच्या नोकरीतलं हेच खरं काम, बाकी सगळा पत्रव्यवहार. मी घरी गेले की आधी बघायची की पोरगा झोपतो कुठे. दहा बाय दहाच्या खोलीत आईबाप, आजी, मोठी बहीण. पोराची जागा मग जिन्याखाली, नाहीतर कुणाच्या तरी टेंपोत. टेंपोत झोपणाऱ्या पोराची संगत टेंपोवालाच ठरवतो. मग शेजारणीकडे चहा, शाळेत एक चक्कर, आणि शेवटी काम करतो तिथे. एका गॅरेजवाल्यानं मला अशीच हजेरीची वही दाखवली होती, तेलकट बोटांचे ठसे उमटलेली. ज्या दिवशीचा गुन्हा म्हणत होते त्या दिवशी पोराच्या नावापुढे संध्याकाळी सातपर्यंतचा ओव्हरटाइम मांडलेला. (सोळाच्या पोराला ओव्हरटाइम लावायचाच नसतो, ते वेगळं.) पोलिसांच्या कागदात चोरीची वेळ साडेपाच. त्या पानाची छायाप्रत मी अहवालाला जोडली. त्या पोराच्या वकिलानंही कबुलीचाच सल्ला दिला होता.

म्हणून सांगते, केलं नसेल तर कबूल करायचं नाही. वकील म्हणतात ते अगदीच खोटं नाही. कबुली दिली की बहुधा समज देऊन किंवा समुपदेशनाला बसवून सोडतात, तारखा वाचतात. पण न केलेली गोष्ट ‘मी केली’ म्हणून सुटलेल्या पोराला पुढच्या वेळी चौकीत बोलावणं सोपं होतं. साधी चोरी ही तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, म्हणजे या कायद्यात किरकोळ गुन्हा. त्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने वाढवून घ्यायचे, त्यातही संपली नाही तर कार्यवाही तिथेच बंद. बरोबरच्या दोन मोठ्या पोरांचा खटला वेगळा चालेल, त्याच्याशी तुमच्या मुलाची गाठ घालता येत नाही. सहा महिने कळ काढा. आणि केलं असेल, तर मात्र आधी तुमच्यापाशी बोलू दे, मग वकिलापाशी.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. कल्याणीनगरात दारूच्या नशेत दोन तरुण जीव गाडीखाली चिरडणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला जामिनाची अट काय, तर तीनशे शब्दांचा निबंध! आमच्या भागात सतरा-सतरा वर्षांची पोरं कोयते नाचवत गाड्या फोडतात आणि पोलिसांनाच सांगतात, ‘आम्हाला काही होत नाही’. गुन्हा मोठ्यांचा, तर शिक्षाही मोठ्यांची, एवढं साधं गणित कायद्याला कळत नाही का? अठराचं वय सोळावर आणायला तुमच्यासारख्यांचा विरोध का?
— एक ज्येष्ठ नागरिक, कोथरूड, पुणे

उत्तर : काका, निबंधाची चीड मलाही आली होती. जामिनाच्या हुकमात अशा अटी घालणं म्हणजे दोन जणांच्या मृत्यूला शाळेतल्या खोडीच्या पंक्तीला बसवणं. पण १९ मे २०२४नंतर पुण्यात काय काय झालं ते जरा ओळीनं बघा. आधी जामीन. मग लोक रस्त्यावर उतरले, टीव्हीवर आरडाओरडा झाला, तर तीनच दिवसांत त्याच मंडळानं मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जामीन रद्द न करता! २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. पुढे मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारनं घरी बसवलं. म्हणजे आधी घाई, मग घाबरून दुसरी घाई. यात कायद्याचा दोष कुठे आणि माणसांचा कुठे, ते निवडून काढायला हवं.

जामीन मिळणं हे कायद्याप्रमाणेच होतं, वर इचलकरंजीच्या ताईंना सांगितलं ते हेच कलम १२. मला टोचतं ते दुसरं. त्या मुलासाठी ते कलम एका रविवारी, काही तासांत चाललं. ताईंच्या मुलासाठी ते चालवायला दाखला शोधावा लागतो, वकील शोधावा लागतो, एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. पुण्याच्या प्रकरणात त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. अठराचं वय सोळावर आणून तो नमुना जागेवर राहिला असता का?

शिवाय सोळा ते अठराची दारं बंद नाहीत. २०१५चा कायदा आला तोच मुळी दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर. सहा आरोपींतला एक सतराचा होता, तो तीन वर्षं विशेष गृहात राहून २०१५च्या डिसेंबरात सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेनं हा कायदा मंजूर केला. त्यानुसार सोळा पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. त्याची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज, परिस्थिती. मग त्याला मोठ्यांसारखं बाल न्यायालयात (हे मंडळ नव्हे, सत्र न्यायालय) चालवायचं का ते ठरतं. अतिगंभीर म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा सांगितली आहे तो गुन्हा. कमाल नव्हे, किमान. सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये हे स्पष्ट केलं आणि २०२१च्या दुरुस्तीत ते कायद्यातही आलं. अपघात झाला तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत सदोष मनुष्यवधाला कमाल होती, किमान नव्हती, म्हणून ते त्या यादीत बसलं नाही. पुणे पोलिसांचा मोठ्यांसारखं चालवण्याचा अर्ज मंडळानं जुलै २०२५मध्ये फेटाळला. किमान-कमालमधली ही फट तुम्हाला पटत नसेल तर आमदार-खासदारांना ती बुजवायला सांगा. ती मागणी समजण्यासारखी आहे. सरसकट वय खाली आणायची मागणी वेगळी.

तिला माझा विरोध का, ते तुमच्याच शहरातल्या एका प्रकरणावरून सांगते. ऑगस्ट १९९४मध्ये पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला, बायका आणि दोन लहान मुलं. तुम्हाला आठवत असेलच. आरोपींतल्या राजस्थानातून आलेल्या एकाला फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये ती कायमही केली. २०२३च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयानं मान्य केलं, गावच्या शाळेच्या नोंदवहीवरून, की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर तो अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता, त्यातली कितीतरी वर्षं फाशीच्या सावटाखाली. गुन्हा भयंकर होता, त्यात दुमत नाही. पण गुन्हा जितका भयंकर तितकं पोराचं वय बघायला कुणाला सुचत नाही, वकिलालासुद्धा नाही. म्हणून ती रेघ कायद्यातच जाड हवी.

कोयत्यांचं म्हणाल तर हे बिनकामाचे कोयते पोरं स्वतःच्या खिशातून आणत नाहीत. त्यांना ‘आपला भाऊ’ म्हणून मिरवणारा, वाढदिवसाचा फ्लेक्स लावणारा, रिळात झळकणारा एक तिशीचा दादा मागे असतो. तो पोरांना नेमकं हेच सांगतो की तुम्हाला काही होत नाही. मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या मोठ्या माणसाला कलम ८३खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. हे कलम लावलेला कागद माझ्या टेबलावरून फारच क्वचित गेला. पोराला पकडलं की गुन्हा उघडकीस आला, दादाला पकडायचं तर साक्षीदार हवेत. तुमच्या मोहल्ला समितीच्या बैठकीत पुढच्या वेळी ‘कलम ८३ किती जणांना लावलं’ असं साहेबांना विचारून बघा.

आणि गाडीचं. नातवंडाला बुलेटची किल्ली देणाऱ्या सगळ्या आजोबांसाठी : २०१९पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आहे. अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

प्रश्न : मॅडम, मी सोळाचा असताना गावच्या जत्रेत मारामारी झाली, त्यात माझं नाव आलं. मंडळानं समज देऊन सोडलं. आता पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही निघालं. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का’ असा रकाना आहे. ‘नाही’ लिहिलं तर खोटं, ‘होय’ लिहिलं तर नोकरी जाते असं सगळे म्हणतात.
— एक उमेदवार, हिंगोली

उत्तर : आधी शाबासकी घे. पहाटे उठून डांबरीवर धावणारी तुमची पोरं मी बघितली आहेत.

कलम २४ सांगतं की या कायद्याखाली ज्याची कार्यवाही झाली त्याला त्या निकालामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद फक्त मोठ्यांसारखा खटला चालून दोषी ठरलेल्यांचा, तो तुला लागू नाही. कलम ७४ पोलिसांना बजावतं की निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी द्यायचीच नाही. २०१९मध्ये सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) भरतीतलं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. आरोप अल्पवयीन असतानाचा होता. न्यायालयानं उमेदवाराच्या बाजूनं निकाल दिला.

तरी माझा सल्ला ‘नाही’ लिहून गप्प बसण्याचा नाही. हिंगोलीतला कारकून हा निकाल वाचून बसलेला नसतो, त्याच्या हातात पोलीस ठाण्याची जुनी वही असते. तेव्हा असं कर. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढ. रकान्यात लिही : ‘अल्पवयीन असताना बाल न्याय अधिनियमाखाली कार्यवाही, अमुक तारखेच्या आदेशानं निकाली, कलम २४ नुसार अपात्रता नाही’. सोबत प्रत जोड. लिहिण्याआधी विधी सेवेच्या वकिलाला एकदा दाखव. आणि त्याच वेळी मंडळाकडे अर्ज दे की माझं रेकॉर्ड नष्ट करण्याबाबत काय झालं ते कळवा. मुदत उलटल्यावर ते नष्ट करायचंच असतं, पण कपाटं आवरायला सरकारी कार्यालयात कुणाला वेळ असतो? नाकारलं तर लेखी कारण माग. तोंडी ‘नाही होत’ म्हटलं तर हलू नकोस तिथून.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर कॉलेजच्या गेटवर एका सतरा वर्षांच्या मुलानं चाकूनं वार केले. भाऊ वाचला, पण दीड महिना दवाखान्यात होता. आरोपी आठ दिवसांत बाहेर आला, आमच्याच गल्लीतून जातो. मंडळात काय चाललंय ते आम्हाला कुणी सांगत नाही, आत सोडत नाहीत. तुमच्या सदरात सगळी काळजी गुन्हेगाराची. आमचं कोण?
— एक भाऊ, लातूर

उत्तर : तुमचा राग रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. हा कायदा लिहिताना मुलाला केंद्रस्थानी ठेवलं, ते बरोबर केलं, पण ज्याच्या पोटात चाकू गेला त्याच्यासाठी खुर्ची ठेवायची राहूनच गेली. मंडळाचं काम बंद दाराआड चालतं. मुलाची ओळख झाकायला ते हवंच. पण ‘आज काय झालं’ हे फिर्यादीच्या घरी कळवायला कुणाची ओळख उघडी पडत नाही. मी नोकरीत असताना अहवालासाठी मुलाच्या घरी जायचे, जखमीच्या घरी जा असं मला कुठल्याही परिपत्रकानं सांगितलं नव्हतं. काही वेळा गेले. एका आजीनं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

जे हातात आहे ते सांगते. एक तर, तो गल्लीतून जाताना धमकावत असेल, साक्षीवरून काही बोलत असेल, तर तारीख-वेळ लिहून मंडळाला आणि पोलिसांना लेखी द्या. जामिनाच्या अटी बदलायला तेच कारण पुरतं. नुसता दिसतो म्हणून मात्र काही होणार नाही. दुसरं, नुकसानभरपाई. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३९६खाली पीडितांसाठी योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. त्यासाठी निकालाची वाट बघायची गरज नाही. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, एफआयआरची प्रत जोडा. तिसरं, मंडळाच्या आदेशानं नाराज असाल तर तीस दिवसांत अपील बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात. पण मुलाला निर्दोष सोडलं, आणि गुन्हा सोळावरच्या मुलाचा अतिगंभीर प्रकारातला नसेल, तर अपिलाची वाट बंद आहे. तुमच्या प्रकरणात कोणतं कलम लागलंय त्यावर हे ठरेल, म्हणून आदेशाची वाट न बघता आजच सरकारी वकिलांना गाठा. त्यांना तुमचा फोन नंबर द्या आणि दर तारखेच्या संध्याकाळी तुम्हीच फोन करा. ते स्वतःहून करणार नाहीत.

भाऊ परत कॉलेजला जातोय का, ते तुम्ही लिहिलं नाही. जात नसेल तर ते आधी बघा.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलाला चोरीच्या संशयावरून पोलीस घेऊन गेले. तो जीपमध्ये बसतानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. दोन पालकांनी त्याचं नाव काढून टाकायची लेखी मागणी केली आहे. संस्थाचालकांचा कल तिकडेच दिसतो.
— एक मुख्याध्यापक, चिपळूण तालुका

उत्तर : सर, फोटो आजच काढायला लावा. अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा, पत्ता काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, कलम ७४. ग्रुपवर ही एक ओळ टाका, मंडळी पटापट डिलीट करतील. तुमचाही फोन तपासा, ग्रुपचे फोटो आपोआप गॅलरीत उतरतात.

नाव काढायचं नाही. संशय म्हणजे निकाल नव्हे, आणि निकाल विरुद्ध लागला तरी या कायद्यात त्याला नव्यानं सुरुवात करण्याचा हक्क आहे. संस्थाचालकांना तोंडी समजावत बसू नका, लेखी टिपण द्या आणि पोच घ्या. परिविक्षा अधिकारी चौकशीला शाळेत येतील, तेव्हा शिपायाकडून हजेरीपट पाठवून मोकळे होऊ नका. त्याच्या वर्गशिक्षकांना समोर बसवा. सहामाहीचे पेपर, चित्रकलेची वही, मैदानावरचं काही असेल तर तेही द्या. आणि तो परत येईल त्या दिवशी पहिल्या तासाला तुम्ही स्वतः त्या वर्गावर जा, कुठलाही विषय घ्या.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना प्रकरणाचा क्रमांक किंवा मुलाचं नाव लिहू नये. गावाचं नाव पुरे.)